वीस सेकंदांची बोली: पंचवटीच्या भाजीबाजारातली एक व्हिडिओ बातमी

नाशिकमध्ये पत्रकारिता शिकणाऱ्यांचा पहिला कॅमेरा बहुधा रामकुंडाकडे वळतो. घाट, पाणी, दिवे, गर्दी सगळं एका जागी मिळतं आणि चित्र आपसूक बरं येतं. सरावासाठी ती जागा म्हणूनच कच्ची आहे; आपलं काय चुकलं ते तिथं कळत नाही. पंचवटीतल्या, दिंडोरी रोडवरच्या बाजार समितीत संध्याकाळी कळतं. लिलावात एकदा सुटलेली बोली पुन्हा लागत नाही, उजेड वाईट, आवाज त्याहून वाईट, आणि बातमी एका आकड्यावर उभी असते. तो आकडा चुकला की उरलेलं सगळं वाया.

इथं मांडलेलं प्रकरण त्या बाजारातल्या एका कामाचं आहे. तुकडी आणि तिचे आकडे अभ्यासासाठी उभे केले आहेत. चुका मात्र नव्या मुलांकडून साधारण याच क्रमानं होतात, म्हणून क्रम तसाच ठेवला आहे.

पत्रकारिता पदविकेचे तिघं: बातमी लिहिणारी मुलगी, कॅमेऱ्यावरचा मुलगा, आवाज सांभाळणारी मुलगी. काम होतं तीन मिनिटांची व्हिडिओ बातमी: कोथिंबिरीचा भाव पडतो तेव्हा बाजारात नेमकं काय घडतं. मुदत सात दिवसांची. साहित्य म्हणजे दोन चांगले मोबाइल, एक जुना मोबाइल, वायरचा कॉलर माइक, एक ट्रायपॉड, पॉवर बँक आणि इअरफोन. यापेक्षा जास्त सामान असतं तरी पहिल्या संध्याकाळी काही फरक पडला नसता.

पहिली संध्याकाळ

तिघं साडेसहाला पोचले, दोन तास फिरले आणि ७४ क्लिपा घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी एकत्र बसून पाहिलं तेव्हा कामाचं चित्रण सव्वा मिनिटाचंही भरलं नाही.

बहुतेक क्लिपा चार-पाच सेकंदांच्या होत्या आणि प्रत्येकीत कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरत होता. फिरणारं चित्र कुठंच तोडता येत नाही. सुरुवातीला तोडलं तर झटका बसतो, मध्ये तोडलं तर जास्तच. चित्र एका जागी धरून मनात दहापर्यंत मोजणं हा साधा नियम आहे, पण गर्दीत हात थरथरतो, समोर काहीतरी नवं दिसतं आणि आकडा चारावरच सुटतो. लिलावाच्या तीन क्लिपा होत्या. तिन्हींत व्यापाऱ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि बोली जवळपास संपलेली होती. गोंगाट ऐकून मुलगा धावला, पोचेपर्यंत घोळका पुढच्या ढिगाकडे सरकला. पुढच्याकडे धावला, तिथंही तेच.

एका शेतकऱ्याची मुलाखत मात्र चांगली झाली असं तिघांनाही वाटत होतं. माणूस मोकळेपणानं बोलला होता, कॉलर माइक लावलेला होता, चौकट नीट होती. ऐकल्यावर बोलणं लांबून, विहिरीतून आल्यासारखं, आणि त्यावर मागच्या पिकअपच्या इंजिनाची घरघर.

पिनेवरच्या काळ्या रेघा

माइक लावला होता, पण मोबाइल त्याच्यावरून ऐकतच नव्हता. कारण पिनेत होतं. कॅमेऱ्यासाठीच्या माइकच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, म्हणजे धातूचे तीन भाग. मोबाइलच्या पिनेवर तीन रेघा, म्हणजे चार भाग: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माइक. दोन रेघांची पिन मोबाइलच्या खाचेत बसते अगदी घट्ट, पण माइकसाठीचा संपर्क थेट ग्राउंडला चिकटतो. मोबाइलला वाटतं नुसता हेडफोन जोडलाय. तो स्वतःचाच माइक चालू ठेवतो, आणि पडद्यावर तसा कुठलाही इशारा येत नाही. मोबाइल होता दोन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलनं उतरतो. शर्टाला लावलेला माइक तोंडापासून वीतभर, म्हणजे वीसेक सेंटिमीटरवर असतो. दोन मीटर म्हणजे त्याच्या दहापट. वीस डेसिबल तिथंच गेले. इंजिन मात्र आहे तेवढंच मोठं राहिलं.

उपाय म्हणजे दोन रेघांचं तीन रेघांत रूपांतर करणारी छोटी जोडवायर. पण खरी सवय वेगळीच लावायची असते. माइक जोडला की त्याच्या जाळीवर नखानं हलकेच घासायचं, मग मोबाइलच्या अंगावर घासायचं, दहा सेकंद रेकॉर्ड करून लगेच ऐकायचं. जाळीचा खरखराट मोठा आला तर माइक चालू. मोबाइलवरचा मोठा आला तर मुलाखत सुरूच करायची नाही. बरेच मोबाइल रेकॉर्डिंग चालू असताना इअरफोनवर ऐकू देत नाहीत, म्हणून ही दहा सेकंदांची चाचणी सोडून चालत नाही. आवाजाचा काटा दिसत असेल तर बोलण्याची सर्वोच्च उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढं कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ववत करून देत नाही. हलकं आलेलं वाढवता तरी येतं.

इंजिनाचं काय? चालकाला विनंती केली तर तो पाच मिनिटं बंद करतो. तो नसेल तर शेतकऱ्यालाच वीस पावलं पलीकडे, भिंतीला पाठ करून उभं करायचं. नवी मुलं बोलणाऱ्याला हलवायला संकोचतात. शेतकऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

पट्टे आणि शिळी दिसणारी कोथिंबीर

आवाजानंतरची दुसरी तक्रार चित्रावर सरकणाऱ्या काळसर आडव्या पट्ट्यांची होती. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. मोबाइल नेहमीच्या सेटिंगवर सेकंदाला ३० चित्रं घेतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, स्वतःच १/६० सेकंदाच्या आसपास ठरवतो. दिव्याची लय आणि शटरची लय जुळत नाही, आणि पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० केलं की प्रत्येक चित्रात दिव्याच्या बरोबर दोन लहरी मावतात, पट्टे जातात. ३० चित्रांवरही शटर १/५० किंवा १/१०० ला अडकवलं तर चालतं. मोबाइलच्या आपल्या कॅमेऱ्यात हे बदलता येत नसेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत अॅप आहे, फोन साथ देत असेल तर त्यात शटर हातानं ठरवता येतं. काही स्वस्त एलईडी दिवे एवढं करूनही लुकलुकतात. तिथं त्या दिव्याकडे पाठ करून उभं राहणं हाच मार्ग.

उजेडाचं आपोआप कमीजास्त होणं हीसुद्धा याच घरातली भानगड. दिव्यासमोरून एक हमाल गेला की मोबाइलला वाटतं अंधार झाला. तो चित्र उजळवतो, हमाल गेला की पुन्हा पाडतो. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही अडकतात. चेहऱ्यावर बोट ठेवून अडकवायचं, मागचे दिवे पांढरेफटक गेले तर जाऊ द्यायचे.

रंगाचा प्रश्न याहून गंभीर होता, कारण तो बातमीच्या खरेपणाचा प्रश्न आहे. पिवळ्या सोडियम दिव्याखाली ताजी कोथिंबीर मातकट, शिळी दिसते. भाव पडल्याची बातमी आणि त्यावर शिळा दिसणारा माल! बघणारा साहजिकच समजणार की माल वाईट म्हणून भाव कमी. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग सावरणारी सेटिंग) अडकवून बराच फरक पडतो, पण सोडियमच्या उजेडात हिरवा रंग जवळपास नसतोच, मग तो परत कुठून आणणार? जुडीची जवळची चित्रं दिवे लागायच्या आधी, संधिप्रकाशात घ्यायची. नंतर घ्यायचीच झाली तर हातातला लहान पांढरा दिवा बाजूनं धरून.

कॅमेऱ्याविना एक संध्याकाळ

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम या दिवशी झालं. तिघांनी फोन पिशवीत ठेवले, वही काढली, आणि एकाच शेतकऱ्याचा माल गाडीतून उतरल्यापासून खरेदीदाराच्या गाडीत चढेपर्यंत पाहिला.

माल उतरतो, जुड्यांचा ढीग रचला जातो, मुळं एका बाजूला. शेतकरी ढिगामागे उभा राहतो. व्यापाऱ्यांचा घोळका आणि आडत्याचा, म्हणजे कमिशनवर माल विकून देणाऱ्याचा, माणूस रांगेनं येतात. कोणी जुडी उचलतं, उलटी करून मुळं बघतं, पानं ओली आहेत का चाचपतं. बोली सुरू होते, आकडे वर जातात, थांबतात, भाव वहीत लिहिला जातो, आणि घोळका पुढे. वहीतल्या नोंदीप्रमाणे एका ढिगाला सरासरी वीस सेकंद. याच संध्याकाळी त्यांना कळलं की गावठी आणि चायना अशा दोन कोथिंबिरी वेगळ्या बोलीत जातात आणि त्यांचे भाव वेगळे निघतात. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्हींचे ढीग एकाच नावाखाली चित्रित केले होते.

बोली रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकते, ही गोष्ट कागदावर लिहिल्याबरोबर कॅमेऱ्याची जागा ठरली. घोळक्यामागे धावायचं नाही. दोन ढीग पुढे जाऊन, शेतकऱ्याच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर थांबायचं. घोळका आपल्याकडे येतो, चेहरे आपल्या समोर, ढीग मध्ये. आणि एकदा शेतकऱ्याची बाजू घेतली की त्या ढिगाच्या सगळ्या चित्रांत तीच ठेवायची. ढीग ओलांडून पलीकडून एक चित्र घेतलं, तर जोडताना शेतकरी आणि व्यापारी एकाच दिशेला तोंड करून उभे असल्यासारखे दिसतात.

याच दिवशी बाजार समितीच्या कार्यालयात जाऊन चित्रणाचं सांगितलं, एका आडत्याची परवानगी घेतली आणि त्याच्या मुनीमाशी ओळख केली. एका व्यापाऱ्यानं चेहरा दाखवू नका असं सांगितलं. त्याचा फेटा आणि उभं राहण्याची जागा वहीत लिहून ठेवली, म्हणजे संकलनाच्या वेळी चुकून आत जाणार नाही. ड्रोन उडवायची कल्पनाही निघाली होती. देवळालीचा लष्करी परिसर आणि ओझरचा विमानतळ जवळ असलेल्या शहरात ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाचा नकाशा आणि पोलिसांचे चालू आदेश बघितल्याशिवाय ते करू नये. शिवाय वरून बाजार सुंदर दिसतो, बोली दिसत नाही.

तिसरी संध्याकाळ

पहिला मोबाइल ट्रायपॉडवर, रांगेच्या टोकाला, रुंद चित्रावर. २४ मिनिटं सलग. सेकंदाला १७ मेगाबिटचा दर धरला तर मिनिटाला साधारण १२७ एमबी, म्हणजे ३ जीबीच्या आसपास. निघण्याआधी तेवढी जागा आणि वर तेवढीच मोकळी असावी. विमान मोड चालू, नाहीतर ऐन बोलीत फोन येतो आणि काही मोबाइल रेकॉर्डिंग थांबवतात. भिंग रुमालानं पुसलेलं. हे सांगायला लाज वाटावी इतकं साधं आहे, तरी दिव्यांभोवती धुरकट वलय दिसणाऱ्या दर दहा चित्रांपैकी बहुतेकांचं कारण बोटाचे ठसे असतात.

दुसरा मोबाइल हातात, एकाच ढिगावर. हात, चेहरा, दोघं एकत्र, खांद्यावरून दिसणारा ढीग, आणि एक वेगळ्या कोनातलं. प्रत्येक दहा सेकंद, स्थिर.

बोलीच्या आवाजासाठी आवाजवाल्या मुलीनं जे केलं ते कुठल्याही बाजारात कामी येईल. जुना मोबाइल व्हॉइस रेकॉर्डर चालू करून मुनीमाच्या खिशात ठेवला, कॉलर माइक त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाजवळ लावला, कापडाला घासू नये म्हणून चिकटपट्टीची घडी करून मागे चिकटवली. चाचणी घेताना ‘हॅलो हॅलो’ म्हणायला लावलं नाही. खऱ्या बोलीच्या आवाजात ओरडायला लावलं. साध्या बोलण्यावर बेतलेला आवाज ओरडल्यावर फाटतो. काम संपल्यावर बाजाराचा नुसता आवाज, कोणी माइकशी न बोलता, एक मिनिट घेतला. संकलनात दोन वाक्यांमधली शांतता याच आवाजानं भरायची असते, तिथं कोरी शांतता टाकली तर कान अडखळतो.

बोली सुटते त्या क्षणी नव्या माणसाचा कॅमेरा बोली लावणाऱ्याकडे असतो. बातमी ढिगामागे उभ्या असलेल्याच्या चेहऱ्यावर असते. मुलानं या वेळी कॅमेरा शेतकऱ्यावर ठेवला आणि हलवला नाही. बोलीचा आवाज मुनीमाच्या खिशातून येणारच होता. चौकटीत शेतकऱ्याच्या हातात एक जुडी होती, तिच्यातली पिवळी पडलेली दोन पानं तो खुडत होता. आकडा सुटला, बोटं थांबली, जुडी ढिगावर परत गेली. नऊ सेकंद. पूर्ण बातमीत यापेक्षा चांगलं चित्र नाही.

शेकडा

मुलाखत लगेच घेतली.

“काका, किती गेली?”

“अठराशे.”

पहिल्या दिवशी बातमी लिहिणारीनं इथंच थांबून वहीत ‘१,८०० रुपये क्विंटल’ लिहून टाकलं असतं. आता तिनं पुढे विचारलं.

“कशाचे अठराशे, ते पूर्ण वाक्यात सांगाल का? माझा प्रश्न ऐकू येणार नाहीये.”

“शंभर जुड्यांचे अठराशे, पोरी. अठरा रुपये जुडी पडली. त्यात काढणीची मजुरी आली, गाडीभाडं आलं.”

पालेभाजी शेकड्यावर जाते, कांदा-टोमॅटोसारखी वजनावर नाही. एकक न लिहिलेला भाव हा आकडाच नाही. शिवाय बाजारातली जुडी आणि कॉलेज रोडवरच्या हातगाडीवरची जुडी एक नाही. अनेक किरकोळ विक्रेते मोठी जुडी सोडून तिच्या लहान जुड्या बांधतात. पडद्यावर ‘शेतकऱ्याला १८, ग्राहकाला ३०’ अशी पाटी लावायची तर दोन्ही जुड्या एकाच तराजूवर ठेवून ग्रॅममध्ये मोजाव्या लागतात. तिघांनी दोन्ही मोजल्या, आणि पाटीऐवजी तो तराजूच चित्रात घेतला.

एका ढिगाचा भाव म्हणजे बाजाराचा भाव नव्हे. त्यासाठी बाजार समितीचे त्या दिवसाचे किमान, कमाल आणि सरासरी दर घ्यायचे, तिन्ही दाखवायचे, आणि आपला ढीग त्यांत कुठे बसतो ते सांगायचं. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीचा फोटो त्याच्या परवानगीनं, नाव-नंबर झाकून. संहितेच्या पहिल्या खर्ड्यात ‘अडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून कापली जाते’ असं सवयीचं वाक्य होतं. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून सोडवला, आणि अडत खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. पट्टीत कोणती वजावट आहे ते वाचूनच लिहायचं, म्हणून ते वाक्य गेलं.

संकलन

तिघांनी आधी सगळं बोलणं वेळेसकट कागदावर उतरवलं आणि कागदावरच बातमी लावली. निवेदनाला मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द बसतात. तीन मिनिटांपैकी निम्मा वेळ बाजाराला आणि शेतकऱ्याला द्यायचा तर हाती दोनशेहूनही कमी शब्द उरतात. ‘बाजारात मोठी गर्दी दिसून येत आहे’ सारखी वाक्यं त्यात आपोआप गळतात. गर्दी दिसतेच आहे. निवेदन कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून, त्याच्याकडे तोंड करून रेकॉर्ड केलं. रिकाम्या वर्गात भिंती बोलतात.

डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत काम केलं. पहिली क्लिप टाकण्याआधी प्रकल्प २५ चित्रांवर लावावा लागतो, नंतर तो बदलता येत नाही. ट्रायपॉडवरची २४ मिनिटांची क्लिप आणि मुनीमाच्या खिशातला आवाज सुरुवातीला जुळत होते, शेवटी ओठ आणि आवाज फाकले. मोबाइल सेकंदाला नेमकी २५ चित्रं देत नाही, कधी थोडी कमी, कधी जास्त. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून तीच क्लिप स्थिर २५ वर काढून घेतली आणि बोलीच्या पहिल्या आरोळीवर जुळवली. निवेदन चालू असताना बाजाराचा आवाज १५ ते २० डेसिबल खाली, पण बंद कधीच नाही.

पाट्यांनी अर्धा दिवस खाल्ला. ‘कोथिंबिरीला’ हा शब्द फॉन्ट आणि अक्षरजुळणीची परीक्षाच घेतो: दोन ऱ्हस्व वेलांट्या, त्यातली एक अनुस्वारासकट. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर अगम्य चिन्हं येतात, तो आधी युनिकोडमध्ये हवा. संकलनासाठी प्रीमिअर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी अक्षरांच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई पर्याय निवडला नाही तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फॉन्ट निवडावा, आणि मोबाइलच्या पडद्यावर हातभर अंतरावरून वाचून बघावं.

फाइल बाहेर काढल्यावर ती दोनदा तपासली. एकदा डोळे मिटून नुसती ऐकली, एकदा आवाज बंद करून नुसती पाहिली. आवाज बंद असताना बातमी लिहिणारीला ‘गावठी, शेकडा १,८००’ ही पाटी खटकली. तिच्याखालच्या चार सेकंदांच्या चित्रातली पानं रुंद आणि भरघोस होती. तिनं ते चित्र शेतकऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. उत्तर आलं, “ही चायना आहे. माझा ढीग शेजारचा.” हातातल्या मोबाइलच्या क्लिपांतून शेजारच्या ढिगाची चार सेकंदं शोधली, जुनी काढून ती बसवली आणि फाइल पुन्हा बाहेर काढली.